रेल्वेचे डबे एकमेकांना जोडतात कसे? आणि कपलिंग तुटलं तर मागचे डबे थांबतात कसे?

८ सप्टेंबर २०२४, रविवार. नवी दिल्लीहून बिहारमधल्या इस्लामपूरकडे निघालेली मगध एक्सप्रेस बक्सर जिल्ह्यातून जात होती. अचानक एक कपलिंग तुटलं आणि धावत्या गाडीचे दोन तुकडे झाले. इंजिनाबरोबर काही डबे पुढे गेले, बाकीचे मागे राहिले. त्याआधी दोनच महिने, ६ जुलैला, मनमाडहून मुंबईला येणाऱ्या पंचवटी एक्सप्रेसचे डबेही कसाऱ्याजवळ असेच वेगळे झाले होते. दोन्ही वेळा कुणालाही इजा झाली नाही.

अशा घटनांचे व्हिडिओ आले की काही प्रश्न हमखास विचारले जातात. हजारो माणसं घेऊन धावणारी गाडी जोडलेली तरी कशाने असते? मागच्या डब्यांना इंजिनच उरलं नाही, मग ते थांबले कसे? आणि चढावर असं झालं तर डबे उलटे घरंगळत जाणार नाहीत का?

या प्रश्नांची उत्तरं दोन डब्यांच्या मधल्या हातभर जागेत आहेत. प्लॅटफॉर्मवरून आपण रोज ती जागा पाहतो, पण तिथे नक्की काय चालतं हे सहसा कुणी निरखून पाहत नाही. चला तर मग, समजून घेऊया.

कपलिंगचं काम फक्त ओढणं नाही

डबे जोडायचे म्हणजे एक हुक आणि एक साखळी पुरे, असं वाटू शकतं. पण साखळीने फक्त ओढता येतं. गाडी थांबायला लागली की मागचे डबे पुढच्यांवर येतात. तेव्हा तोच सांधा ढकलही सोसणारा लागतो.

शिवाय रूळ सरळसोट नसतात. वळणावर डब्यांची एक बाजू जवळ येते, दुसरी लांब जाते. चढ संपून उतार लागला की एक डबा वर आणि दुसरा खाली अशी स्थिती येते. म्हणजे सांधा घट्टही हवा आणि थोडा लवचीकही हवा.

आणि डब्यांमधून जाणारं फक्त हेच नसतं. ब्रेकसाठी दाबाखालची हवा एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाते. आधुनिक गाड्यांमध्ये एसी, दिवे आणि पंख्यांसाठीची वीजही जाते. म्हणून दोन डब्यांच्या मध्ये वाकून पाहिलं तर लोखंडी कपलिंगसोबत रबरी नळ्या आणि जाडजूड केबलही दिसतात. प्रवाशांना एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाता यावं म्हणून वर जो घडीदार बोगद्यासारखा भाग असतो, त्याला व्हेस्टिब्युल म्हणतात. त्याचा गाडी ओढण्याशी संबंध नसतो.

जुनी पद्धत: हुक, कडी आणि पेच

अनेक दशकं भारतातल्या बहुतेक प्रवासी गाड्या निळ्या किंवा त्याआधी विटकरी रंगाच्या डब्यांच्या होत्या. हे आयसीएफ डबे. चेन्नईच्या पेरांबूरमध्ये १९५५ साली सुरू झालेल्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या नावावरून हे नाव पडलं. त्यांची मूळ रचना स्वित्झर्लंडची.

या डब्यांच्या टोकाला मधोमध एक दणकट हुक असतो आणि दोन्ही बाजूंना तव्यासारख्या गोल तोंडाचे दोन बफर. दोन डब्यांचे हुक जोडतं ते स्क्रू कपलिंग. त्यात दोन कड्या आणि मध्ये आटे पाडलेला एक जाड दांडा असतो. गंमत या दांड्यातच आहे. त्याच्या अर्ध्या भागावर आटे एका दिशेने असतात आणि उरलेल्या अर्ध्या भागावर उलट दिशेने. त्यामुळे मधला दांडा फिरवला की दोन्ही कड्या एकाच वेळी आत ओढल्या जातात. मोठ्या मंडपाची किंवा टॉवरची तार ताणायला जो पेच वापरतात, त्याचं तत्त्व हेच.

एका डब्याच्या हुकाला लटकणारी कडी उचलायची, समोरच्या डब्याच्या हुकात अडकवायची आणि दोन्हीकडचे बफर एकमेकांना टेकेपर्यंत दांडा फिरवत राहायचं. झालं जोडकाम. इथे कामाची वाटणी स्पष्ट आहे: ओढायचं काम कपलिंगचं, ढकल सोसायचं काम बफरचं. वळणावर आतल्या बाजूचा बफर दबतो आणि बाहेरच्या बाजूचा सैल होतो.

या रचनेचं श्रेय इंग्लंडच्या लिव्हरपूल अँड मँचेस्टर रेल्वेच्या हेन्री बूथ यांना दिलं जातं. साल होतं १८३६. त्याआधी डबे नुसत्या साखळीने जोडले जात. गाडी निघताना आणि थांबताना प्रवाशांना एकामागून एक दणके बसत. पेचाने ताणून घेतलेल्या कपलिंगमुळे डब्यांमधली ढिलाई गेली आणि प्रवास पुष्कळच सुसह्य झाला.

पण एक अडचण राहिलीच. हा पेच आपोआप फिरत नाही. तो फिरवायला माणूस लागतो आणि त्या माणसाला दोन डब्यांच्या मध्ये शिरावं लागतं.

बफरच्या मधला माणूस

रेल्वेत हे काम पॉइंट्समन आणि शंटिंगचे कर्मचारी करतात. बफरखालून वाकून आत जायचं, जड कडी उचलून हुकात घालायची, पेच आवळायचा, ब्रेकच्या नळ्या जोडायच्या आणि पुन्हा वाकून बाहेर यायचं. उन्हाळ्यात तापलेलं लोखंड, पावसाळ्यात निसरडी खडी, रात्री हातात टॉर्च. आत माणूस असताना गाडी हलता कामा नये, हा या कामाचा पहिला नियम. सगळी भिस्त लोको पायलट आणि खाली उभा असलेला कर्मचारी यांच्यातल्या इशाऱ्यावर असते. इशारा चुकला किंवा चुकीचा समजला गेला, तर आतल्या माणसाला पळायला जागा नसते.

हा धोका इतिहासजमा झालेला नाही. ९ नोव्हेंबर २०२४ रोजी बिहारच्या बरौनी जंक्शनवर लखनौहून आलेल्या एक्सप्रेसचं इंजिन डब्यांपासून वेगळं करताना एक रेल्वे कर्मचारी इंजिन आणि डब्याच्या मध्ये सापडला आणि त्याचा मृत्यू झाला. त्याचे फोटो देशभर फिरले.

म्हणून कपलिंग चांगलं की वाईट हे ठरवताना दोन प्रश्न विचारावे लागतात. अपघातात ते आतल्या प्रवाशांना वाचवतं का? आणि रोजच्या कामात ते जोडणाऱ्या माणसाला वाचवतं का? गेल्या दीडशे वर्षांत कपलिंगमध्ये जे बदल झाले, ते याच दोन प्रश्नांमुळे.

अमेरिकेत हात गमावणारे ब्रेकमन

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत डबे जोडण्याची पद्धत याहूनही धोकादायक होती. एका डब्यातून बाहेर आलेली लोखंडी कडी समोरून हळूहळू येणाऱ्या डब्याच्या खाचेत हाताने धरून घालायची आणि वरून खुंटी ठोकायची. कडी धरलेला हात वेळेत मागे घेता आला नाही तर बोटं गेलीच. ब्रेकमनच्या हाताला सगळी बोटं शाबूत असतील तर तो नोकरीत नवा आहे असं ओळखावं, असं तेव्हा म्हटलं जायचं.

१८७३ साली इलाय जॅनी यांनी एका नव्या कप्लरचं पेटंट घेतलं. ते यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यात मेजर होते आणि युद्धानंतर व्हर्जिनियात दुकानात कारकुनी करत होते. त्यांच्या कप्लरची कल्पना समजायला एक सोपा प्रयोग करा. दोन्ही हातांची बोटं आकड्यासारखी वाकवा आणि एकमेकांत अडकवून ओढा. हात सुटत नाहीत. जॅनी यांच्या कप्लरला असंच एक वाकडं, बिजागरीवर फिरणारं लोखंडी बोट होतं. इंग्रजीत बोटाच्या सांध्याला जे म्हणतात तेच नाव त्याला मिळालं: नकल. दोन डबे एकमेकांवर हलकेच आदळले की बोट आत फिरतं, मागे एक कुलूप पडतं आणि जोडणी पक्की. मध्ये माणूस लागतच नाही.

शोध लागला म्हणून लगेच वापर सुरू झाला असं मात्र झालं नाही. लाखो डब्यांवर नवे कप्लर बसवायचा खर्च रेल्वे कंपन्यांना नको होता. आयोवातले लोरेन्झो कॉफिन यांनी अनेक वर्षं सभा, पत्रं आणि भेटीगाठी करून हा विषय लावून धरला. अखेर २ मार्च १८९३ रोजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी सेफ्टी अप्लायन्स अॅक्टवर सही केली. माणसाला डब्यांच्या मध्ये जावं लागणार नाही असे स्वयंचलित कप्लर आणि रेल्वेला ब्रेक बंधनकारक झाले. हा कायदा पूर्णपणे लागू व्हायला १९०० साल उजाडलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युटाह राज्यात जॉन्सन नावाचा एक ब्रेकमन इंजिनाला डायनिंग कार जोडत होता. दोन्हीकडे स्वयंचलित कप्लर होते, पण वेगवेगळ्या बनावटीचे. ते एकमेकांत बसेनात, म्हणून त्याला आत जावं लागलं आणि त्याने हात गमावला. प्रत्येक कप्लर आपापल्या जातीच्या कप्लरशी आपोआप जुळतो, म्हणजे कायदा पाळला, असा रेल्वे कंपनीचा युक्तिवाद होता. खालच्या कोर्टांनी तो मान्यही केला. १९०४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र निकाल जॉन्सनच्या बाजूने दिला. माणसाला मध्ये जावं लागू नये हा कायद्याचा हेतू आहे, त्यामुळे गाडीतले कप्लर एकमेकांशी जुळलेच पाहिजेत, असा त्याचा अर्थ होता.

जपानने एका दिवसात बदलले कप्लर

'एकमेकांशी जुळणं' हीच कपलिंग बदलताना येणारी सगळ्यात मोठी अडचण आहे. निम्मे डबे नव्या पद्धतीचे आणि निम्मे जुन्या पद्धतीचे असले तर गाडीच तयार होत नाही. मग बदलायचं कसं?

जपानने याचं उत्तर शोधलं. तिथे बऱ्याच भागात हुक-पेचाचं कपलिंग होतं. अनेक वर्षं तयारी चालली. नवे कप्लर आधीच डब्यांच्या पोटाखाली टांगून ठेवले गेले, म्हणजे डबा जिथे असेल तिथे त्याचा कप्लर त्याच्यासोबतच असेल. कामगारांना सराव देण्यात आला. आणि १७ जुलै १९२५ या एका दिवशी मालगाड्या थांबवून होन्शू या मुख्य बेटावरच्या वॅगनचे कप्लर बदलले गेले. तीन दिवसांनी क्यूशू बेटावरही हेच झालं.

युरोपला हे आजवर जमलेलं नाही. तिथे वॅगन अनेक देशांच्या सीमा ओलांडतात, त्यामुळे सगळ्या देशांनी एकदम बदल करायला हवा. म्हणून इंजिनाने ओढल्या जाणाऱ्या तिथल्या बहुतेक गाड्यांवर आजही बूथ यांच्या पद्धतीचा हुक आणि पेच दिसतो. मालगाड्यांसाठी स्वयंचलित डिजिटल कप्लर आणण्याचं काम सध्या सुरू आहे.

भारतात आलं एलएचबी आणि सीबीसी

भारतात प्रवासी डब्यांच्या बाबतीत मोठा बदल आला तो जर्मनीच्या लिंके-हॉफमन-बुश या कंपनीच्या डब्यांमुळे. १९९५ मध्ये करार झाला, २००० च्या सुमारास पहिले डबे आले आणि मग पंजाबमधल्या कपूरथळा इथल्या रेल कोच फॅक्टरीत ते बनू लागले. हेच एलएचबी डबे. राजधानी आणि शताब्दीपासून सुरुवात झाली. मुंबई-पुणे प्रवाशांच्या लाडक्या डेक्कन क्वीनला जून २०२२ मध्ये हे डबे मिळाले.

एलएचबी डबा ओळखायची एक सोपी खूण आहे. डब्याच्या टोकाला दोन बाजूंचे गोल बफर नसतात. मधोमध एकच मोठा, मुठीसारखा दिसणारा कप्लर असतो. हा सेंटर बफर कप्लर, म्हणजे सीबीसी. ओढणं आणि ढकल सोसणं ही दोन्ही कामं तो एकटाच करतो. तत्त्व जॅनी यांच्या लोखंडी बोटाचंच. डबे एकमेकांना भिडले की कप्लर आपोआप बंद होतो. सोडवताना डब्याच्या बाजूला असलेल्या हँडलने कुलूप उघडता येतं.

आता प्रवाशांच्या सुरक्षेचा प्रश्न. जुन्या डब्यांच्या अपघातांत सगळ्यात भीषण काय व्हायचं? जोरदार धडक बसली की हुक सुटायचा, एक डबा उसळून दुसऱ्याच्या वर चढायचा आणि त्याची लोखंडी चौकट खालच्या डब्याचा प्रवासी भाग चिरत आत शिरायची. दुर्बिणीच्या नळ्या एकमेकींत सरकाव्यात तसं. म्हणून याला टेलिस्कोपिंग म्हणतात. एलएचबीच्या कप्लरची तोंडं एकमेकांत अशी घट्ट बसतात की एक कप्लर दुसऱ्याच्या वर सहज सरकू शकत नाही. गाडी घसरली तरी डबे एका ओळीत राहण्याची आणि एकमेकांवर न चढण्याची शक्यता वाढते.

२०१२ मध्ये शास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने आपल्या अहवालात पूर्णपणे एलएचबी डब्यांकडे वळावं अशी शिफारस केली. २० नोव्हेंबर २०१६ रोजी कानपूरजवळ पुखरायां इथे इंदूर-पाटणा एक्सप्रेस घसरली आणि सुमारे १५० प्रवाशांचा जीव गेला. तिचे डबे आयसीएफ बनावटीचे होते. त्यानंतर ही मागणी आणखी तीव्र झाली. जानेवारी २०१८ मध्ये पेरांबूरच्या कारखान्यातून जुन्या रचनेचा शेवटचा डबा बाहेर पडला.

कप्लर म्हणजे काही जादू नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं. २ जून २०२३ रोजी बालासोरला अपघात झालेल्या कोरोमंडल एक्सप्रेसचे डबे एलएचबीच होते. पूर्ण वेगात मालगाडीवर आदळलेल्या गाडीला कोणताच सांधा वाचवू शकत नाही.

एलएचबी गाडीत झटके का बसतात?

एलएचबी गाडीत रात्री झोपलेल्या अनेकांना गाडी सुटताना जोरदार झटका बसून जाग आलेली असते. त्याचं कारणही कपलिंगमध्येच आहे.

जुन्या पद्धतीत पेच आवळल्यामुळे बफर एकमेकांना दाबून बसलेले असायचे आणि मधली ढिलाई निघून जायची. सीबीसीच्या मागे धक्का शोषणारी यंत्रणा असते, तिला ड्राफ्ट गिअर म्हणतात. ती ओढताना थोडी ताणली जाते, ब्रेक लावताना थोडी दबते. एका डब्यापुरती ही हालचाल किरकोळ असते. पण वीस-बावीस डब्यांच्या गाडीत ती एका डब्याकडून दुसऱ्याकडे जात वाढत जाते आणि शेपटाकडच्या डब्यांना दणका जाणवतो. प्रवाशांच्या तक्रारी वाढल्यावर रेल्वेने सुधारित 'बॅलन्स्ड ड्राफ्ट गिअर' बसवायला घेतले. लोको पायलट गाडी किती अलगद सुरू करतो, यावरही बरंच अवलंबून असतं.

आता मूळ प्रश्न: तुटलेले डबे थांबले कसे?

याचं उत्तर कपलिंगशेजारी लोंबणाऱ्या रबरी नळीत आहे.

इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत ब्रेक पाइप नावाची एक सलग नळी जाते. गाडी धावत असताना तिच्यात साधारण ५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतक्या दाबाची हवा असते. अनेकांना वाटतं की हवा भरली की ब्रेक लागतो. प्रत्यक्षात उलट आहे. नळीत हवेचा दाब पूर्ण असतो तोवर ब्रेक मोकळे राहतात. दाब कमी झाला की प्रत्येक डब्याखाली असलेल्या टाकीतली साठवलेली हवा ब्रेकच्या सिलिंडरमध्ये जाते आणि ब्रेक लागतात.

कपलिंग तुटून डबे लांब गेले की मधली नळीही निसटते किंवा फाटते. हवा निघून जाते. पुढच्या भागालाही ब्रेक लागतात आणि मागच्या भागालाही. कुणी काहीही करायची गरज नाही. मगध आणि पंचवटीच्या प्रवाशांना वाचवलं ते याच रचनेने. धोक्याची साखळी ओढल्यावर गाडी थांबते तीही याच तत्त्वावर. साखळी ओढली की त्या डब्यातून ब्रेक पाइपमधली हवा बाहेर सोडली जाते.

ही समज फुकट आलेली नाही. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्मा इथून सहलीची एक गाडी निघाली. गाडीत शेकडो लहान मुलं होती. चढावर इंजिनाची ताकद संपली. मग कर्मचाऱ्यांनी गाडी मधूनच सोडवून पुढचे काही डबे आधी पुढे न्यायचं ठरवलं. त्या गाडीचे ब्रेक उलट्या तत्त्वाचे होते: नळी सलग असेल तरच ते लागायचे. कपलिंग आणि नळी सोडवताच मागच्या डब्यांचे ब्रेक निकामी झाले. उरला फक्त गार्डचा हातब्रेक आणि चाकांखाली ठेवलेले दगड. पुढच्या भागाचा हलका धक्का लागला आणि दहा डबे उतारावरून मागे धावत सुटले. मागून येणाऱ्या गाडीवर ते आदळले. ८० माणसं गेली. त्याच वर्षी ब्रिटनने कायदा करून प्रवासी गाड्यांना सलग आणि स्वयंचलित ब्रेक सक्तीचे केले. गाडी तुटली तर ब्रेक आपोआप लागलेच पाहिजेत, हा नियम तेव्हापासूनचा.

शेवटच्या डब्यावरचा मोठा X

ब्रेक लागले तरी धोका पूर्ण टळत नाही. मागे राहिलेले डबे रुळावर उभे असतात आणि त्याच रुळावरून दुसरी गाडी येऊ शकते. म्हणून प्रवासी गाडीच्या शेवटच्या डब्यावर मोठा X रंगवलेला असतो, LV असं लिहिलेली पाटी लावतात आणि रात्री लाल दिवा लुकलुकत असतो. गाडी स्टेशनातून गेली की तिथले कर्मचारी ही खूण दिसते का ते पाहतात. दिसली, तर गाडी पूर्ण आली. नाही दिसली, तर काही डबे मागेच राहिले असतील, असं धरून मागून येणारी वाहतूक थांबवली जाते.

गाडी मध्येच तुटली तर मागच्या भागाची जबाबदारी गार्डवर येते. २०२२ पासून या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर झालं आहे. लाल झेंडी किंवा दिवा दाखवून आणि रुळावर आवाजाचे डिटोनेटर लावून मागून येणाऱ्या गाडीला सावध करायचं काम त्यांचं. इंजिनावरचा लुकलुकणारा पिवळा दिवा शेजारच्या रुळावरून येणाऱ्या गाडीला सूचना देतो.

घाटात इंजिन मागे का लावतात?

कसारा आणि कर्जतला गाडी थांबते आणि मागून जादा इंजिनं लागतात, हे महाराष्ट्रातल्या प्रवाशांना नवीन नाही. थळ घाट आणि बोर घाटात चढ १ ला ३७ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. रेल्वेच्या हिशेबात हा फार तीव्र चढ.

मग ही इंजिनं पुढे का लावत नाहीत? पुढून ओढलं तर सगळ्या गाडीचं वजन पहिल्या काही कपलिंगवर येतं. मागून ढकललं की हा ताण वाटला जातो. शिवाय चढावर एखादं कपलिंग सुटलंच, तर मागचे डबे घरंगळू नयेत म्हणून पाठीशी इंजिन उभं असतं. आर्माच्या त्या सहलीच्या गाडीमागे असं काहीच नव्हतं.

लोकल आणि वंदे भारतचं काय?

मुंबईच्या लोकलसारख्या ईएमयू गाड्यांमध्ये इंजिन वेगळं नसतं. ठरावीक डब्यांचे गट कायमचे जोडलेले असतात आणि ते फक्त कारशेडमध्ये वेगळे होतात. अशा गाड्यांमध्ये गट एकमेकांना जोडायला शाकू कप्लर वापरतात. जर्मन अभियंता कार्ल शार्फेनबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो तयार केला आणि त्यांच्याच नावावरून हे छोटं नाव आलं. त्याच्या तोंडावर एक शंकू आणि एक खळगा असतो. एकाचा शंकू दुसऱ्याच्या खळग्यात बसतो. या प्रकारच्या कप्लरमध्ये हवेच्या नळ्याही डबे जुळतानाच जोडता येतात.

फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या वंदे भारतमध्ये आतल्या डब्यांना सेमी-पर्मनंट कप्लर आहेत. ते रोज जोडायचे-सोडायचे नसतात, त्यामुळे त्यात ढिलाई जवळपास नसते आणि झटकेही कमी बसतात. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या, नॉन-एसी प्रवाशांसाठीच्या अमृत भारत गाड्यांनाही असेच कप्लर दिले आहेत.

अजूनही माणूस आत जातोच

आता सुरुवातीच्या दोन प्रश्नांकडे पुन्हा पाहूया. प्रवाशांच्या बाबतीत उत्तर बरंच समाधानकारक आहे. कप्लर डब्यांना एकमेकांवर चढण्यापासून रोखतो आणि तो तुटलाच तर हवेचे ब्रेक गाडी थांबवतात.

जोडणाऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र काम अर्धंच झालं आहे. सीबीसीचं लोखंडी बोट आपोआप बंद होतं, पण ब्रेकच्या नळ्या आणि विजेच्या केबल नाही. इंजिन लागल्यावर त्या जोडायला आणि निघण्याआधी सोडवायला कुणीतरी आत जातंच. शिवाय देशात अजून जुने डबेही धावतात, म्हणून अनेक इंजिनांना मधला कप्लर, त्याला जोडायचं स्क्रू कपलिंग आणि बाजूचे बफर असं सगळंच ठेवावं लागतं. इंजिनाची दिशा बदलायची असेल तिथे, म्हणजे देशभरातल्या अनेक टर्मिनसवर, हे काम दिवसातून कितीतरी वेळा होतं.

इंजिन बदलताना प्लॅटफॉर्मच्या टोकाला व्हिडिओ काढायला गर्दी जमते. इंजिन आणि डबा 'खट्' करून एकत्र येतात तो क्षण सगळ्यांना हवा असतो. त्यानंतर एक माणूस वाकून आत शिरतो, नळ्या जोडतो, कॉक उघडतो, हवा 'सुस्स' करत पुढे जाते आणि तो हात पुसत बाहेर येतो. तुमच्या गाडीचा ब्रेक शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचतो तो त्याच्या या दोन-चार मिनिटांच्या कामामुळे. तो आत असेपर्यंत लोको पायलटचं लक्ष विचलित होईल असं काही करू नका. आणि हो, सेल्फीसाठी दोन डब्यांच्या मध्ये तर कधीच जाऊ नका. गाडी उभी दिसली तरी ती कोणत्या क्षणी हलेल, हे तिथे उभं राहून कळत नाही.